पत्ता पुरा सांगावा

“पत्ता पुरा सांगावा. अर्धा सांगितला की टपाल माघारी येतंय,” असं म्हणून आबा डोळे मिटायचे, आणि आमच्या पुढ्यातल्या भाकऱ्या गार व्हायला सुरुवात व्हायची.

हे सांगणं आम्हाला नसायचं. ते स्वतःलाच बजावून घ्यायचे आणि मग प्रार्थना सुरू करायचे. जेवणाआधी चार शब्दांत देवाचे आभार मानून घास घेणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. आबांचं तसं नव्हतं. ते आधी आपला मुक्काम सांगायचे, मग पोष्ट, मग तालुका भूम, जिल्हा उस्मानाबाद, राज्य महाराष्ट्र. “वेशीतनं आत आलं की डाव्या हाताला, पत्र्याच्या देवळाच्या अंगाला, दारात लिंब हाय त्ये घर,” एवढं सांगून झालं की मग घरातल्या एकेकाचं नाव. नावापाठोपाठ पत्ता. थोरला याकोब समोरच बसलेला असायचा, तरी सुटका नव्हती. “याकोब, मुक्काम हितंच, माज्या उजव्या हाताला.” लेक मार्था नगरकडं दिलेली, तिचा पत्ता सांगताना मधल्या ओढ्याला पाणी असलं तर कुठल्या वाटेनं जायचं, तेही देवाला सांगून ठेवायचे.

“त्येला समदं ठावं हाय ओ,” आजी मधेच म्हणायच्या. “कालवण गार व्हतंय.”

“व्हऊ दे,” आबा डोळे न उघडता म्हणायचे आणि पुढं चालू लागायचे.

मी त्या घरात जेवायला कसा बसू लागलो, ते सांगितलं पाहिजे. मी देवगडकडचा. वडील गेले आणि सातवीनंतर माझी शाळा सुटली. महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या वर्षी एसटीत कंडक्टर म्हणून लागलो आणि घरापासून इतक्या लांब भूमला येऊन पडलो. इथलं पाणी खारट, बोलणं निराळं, आणि नजर जाईल तिथवर एक माड नाही. नोकरीची धास्ती तर रात्रंदिवस. तिकिटांची पेटी उशाला घेऊन झोपायचो. वाटेत कुणी हात केला तरी तो तपासनीसच असणार, असं वाटून तिकिटं पुन्हा मोजायला लागायचो.

मला गाडी मिळाली ती मुक्कामी. म्हणजे संध्याकाळी भूमहून निघायचं, खेड्यात जाऊन रात्रभर थांबायचं आणि सकाळी तीच गाडी परत आणायची. ड्रायव्हर शेखभाई माझ्या दुप्पट वयाचे. त्यांना कशाचीच धास्ती नव्हती. पहिल्या मुक्कामी आम्ही पोचलो तेव्हा गाडीच्या माणसांना जेवायला कुणी घालायचं, यावर पारावर चर्चा चालली होती. ड्रायव्हर मुसलमान, कंडक्टर कोकणातला, त्याची जात अजून कुणाला ठाऊक नाही. त्यामुळं चर्चा लांबली. ती तशी चालू असतानाच एक उंच, वाळका म्हातारा लगालगा चालत गाडीपाशी आला आणि म्हणाला, “चला. भाकरी तव्यावर हाय. पारावरचं ठरंस्तवर करपंल.”

ते आबा. गावात ख्रिस्ती लोकांची थोडीच घरं होती, त्यातलं वेशीजवळचं त्यांचं. शेखभाई लगेच खाली उतरले. मी एकदा पाराकडं, एकदा त्यांच्याकडं बघत राहिलो. “ए कंडक्टर,” शेखभाई म्हणाले, “भूक कू जात नै रहती. चल.”

त्या दिवशी आबांनी प्रार्थनेच्या मधेच डोळे उघडून मला विचारलं, “घरी कोण हाय?”

“आई.”

“मुक्काम? पोष्ट? तालुका?”

मी सांगितलं. त्यांनी गल्ली विचारली. मी म्हटलं, आमच्याकडं गल्ली नसते, वाडी असते. घर माडांच्या मागं आहे.

“माड म्हंजी?”

“नारळाचं झाड.”

“मग ते शेजारच्यांच्या दारातबी आसंल की.”

“सगळीकडंच आहेत.”

आबांना काळजी पडली. “मग त्येला तुमचं घर कसं घावायचं?” शेवटी दारासमोर गुरांना पाणी पाजायची एक दगडी डोणी आहे, असं मला आठवलं, तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. डोळे मिटून त्यांनी माझ्या आईला दगडी डोणीसकट देवाच्या स्वाधीन केलं. मग माझ्यासाठी, “ह्ये लेकरू लई भ्येतंय. ह्येच्या गाडीत चेकर घालू नको. घातलाच तर चांगल्या मनाचा घाल.” मग शेखभाईंसाठी, “शेख डायवर. ह्येंची नमाज तुज्याकडं येतच आसंल, तरी माजी शिफारस.”

“आबा,” शेखभाई म्हणाले, “ऊपरवाले कू हमारा सलाम बोलो, लेकिन जरा जल्दी बोलो.”

घरापासून इतक्या दूर, आईचं नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना मला काय वाटलं, ते मला आजही नीट लिहिता येत नाही. गार भाकरी मी मान खाली घालून खाल्ली.

आबांना ही पत्त्याची खोड लागली ती टपालामुळं. निजामाच्या अमलात ते पायी टपाल पोचवणारे हरकारे होते. खांद्यावर थैली, हातात घुंगरू लावलेली काठी, आणि भूमहून पुढच्या टप्प्यापर्यंत दुडक्या चालीनं धाव. ती काठी दाराशेजारच्या खुंटीला टांगलेली असायची. कुणाचा धक्का लागला की छुम् वाजायची. आबांची चालही तीच राहिली होती. नांगर धरला तर बैलांना ओरडायचे, “चला की रं, थैली पोचवायचीय!” लग्नाच्या वरातीत नवरदेवाच्या पुढं निघून जायचे आणि मग एकटेच जाऊन वेशीत उभे राहायचे.

पत्त्यावरून त्यांची एकदा फार मोठी पंचाईत झाली होती, ती गोष्ट आजी हसत हसत सांगायच्या. हा भाग हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात गेला, ते आबांना कळलंच नाही. भूमच्या बाजारात कुणीतरी बोलताना ऐकलं, तोवर दोन महिने होऊन गेले होते. हातातली पिशवी तिथंच ठेवून आबा घरी पळत आले.

“आगं, हे दोन महिनं कुठं गेलं?”

“कशाचं दोन महिनं?”

“परार्थनेचं! म्या तर समद्या हैद्राबादेवरनं धाडल्या!”

त्या संध्याकाळी त्यांनी दोन महिन्यांच्या सगळ्या प्रार्थना नव्या पत्त्यानं पुन्हा म्हटल्या. त्यात मेलेल्या एका म्हशीचं दुखणंही आलं. आजी बसल्या बसल्या झोपल्या. पुढं महाराष्ट्र व्हायचं ठरलं तेव्हा मात्र आबा सावध होते. शाळेतल्या गुरुजींना आधी विचारून ठेवलं आणि त्या दिवशी सकाळच्या प्रार्थनेपासून राज्य बदललं. “ह्या खेपंला एकबी वाया जाऊ दिली न्हाय,” हे ते अभिमानानं सांगायचे.

बार्शीहून महिन्यातून एकदा पाळकसाहेब, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू, यायचे. त्यांनी एकदा समजावलं, “आबा, देवाला पत्ता सांगायची गरज नसते. तो सगळं जाणतो.”

“त्येला ठावं आसंल की साहेब,” आबा म्हणाले. “पर मलाबी ठावं पायजे का न्हाय? आपल्या माणसाचा पत्ता ज्येला ठावं न्हाय, त्येनं त्येच्यासाठी काय म्हणून परार्थना करावी?”

पाळकसाहेब हसले. आबा हसले नाहीत. आजींनी तेव्हा पदरानं उगीच चूल पुसली.

कारण तोवर मलाही कळून चुकलं होतं की ही लांबलचक प्रार्थना रोज एका ठिकाणी येऊन अडते. याकोब, त्याची बायको, मार्था, नातवंडं, सगळे पुरत्या पत्त्यानिशी व्हायचे. मग आबा म्हणायचे, “दानियल. मुक्काम...” आणि थांबायचे. मग आजी हळूच म्हणायच्या, “पुढं चला.” आणि आबा बैलांकडं वळायचे.

दानियल हा धाकटा. नगरला मिशनच्या बोर्डिंगात घातला होता. शिकून मास्तर व्हायचा होता. नववीत तो नापास झाला आणि शाळा सोडून घरी आला. तेव्हा आबा अंगणात उभे राहून म्हणाले होते, “असलं तोंड घेऊन ह्या घरात येऊ नगं.” तो आला तसा फिरला. सोलापूरच्या गिरणीत आहे असं कुणी सांगितलं, म्हणून काही दिवस तो पत्ता चालला. याकोब जाऊन आला. तिथून तो कधीच निघून गेला होता. तेव्हापासून पत्ता नाही.

हे मला याकोबनं सांगितलं.

त्या घरची भाकरी मी रोज खात होतो. बदल्यात माझ्याकडं देण्यासारखं काही नव्हतं. होती ती फक्त एसटी. पण एसटी ही लहान वस्तू नव्हे. एका कंडक्टरनं दुसऱ्याच्या कानात घातलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत तीन तालुके फिरून येते. मी भूमच्या स्टँडवर येणाऱ्या प्रत्येकाला सांगायला लागलो. परंड्याचा, येरमाळ्याचा, बार्शीचा, कुर्डुवाडीचा. दानियल नावाचा उंच तरुण, भूमकडचा, कुठं दिसला का? महिनाभर सगळ्यांनी माझी चेष्टा केली. “कोकण्या, पोरगी शोध की, पोरगा काय शोधतोस!”

एक दिवस कुर्डुवाडीच्या गाडीचा कंडक्टर चहा पिता पिता म्हणाला, “दानियल-बिनियल मला ठावं न्हाय. पण टेसनापाशी सायकलच्या दुकानात एक उंच गडी हाय, आमी त्याची लई टिंगल करतो. चहाचा कप हातात घेतला की डोळं मिटतो, मग पितो.”

मी माझा चहा तसाच ठेवला.

सुट्टीच्या दिवशी कुर्डुवाडीला गेलो. तो पंक्चर काढत होता. आबांचीच उंची, तीच वाळकी मान. मी समोरच्या टपरीतून दोन चहा मागवले. त्यानं कप घेतला, क्षणभर डोळे मिटले. म्हटलं, हाच.

मी कोण ते सांगितल्यावर त्याचा चेहरा आखडला. “बाबाला सांगू नका मी हितं हाय म्हणून. मास्तर व्हयाला गेलतो, आन् हितं पंक्चर काढतोय.”

“माणूस नका देऊ,” मी म्हणालो. “फक्त पत्ता द्या.”

“पत्ता कशाला?”

“प्रार्थनेत घालायला.”

तो एकदम हसला. “आजून सांगतेत पत्ते?”

“रोज. तुमच्यापाशी येऊन अडतात.”

तो हसायचा थांबला. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत राहिला. पंक्चर सापडलं तरी बघत राहिला. मग खालमानेनंच म्हणाला, “मुक्काम पोष्ट कुर्डुवाडी. टेसनाबाहेरची पिठाची गिरण. तिच्या मागं पत्र्याची खोली. दाराला निळा रंग.” आणि जरा थांबून, “निळा सांगा. शेजारच्याचा हिरवा हाय.”

दुसऱ्या दिवशी मुक्कामाला पोचलो आणि जेवणाआधी आबांना एवढंच सांगितलं, “आबा, दानियलचा पत्ता आहे.” मी सांगत गेलो, ते ओठ हलवत पाठ करत गेले. निळा रंग दोनदा विचारून घेतला. मग डोळे मिटले. त्या दिवशी प्रार्थना कुठंच अडली नाही. आजी “पुढं चला” म्हणायला तोंड उघडून बसल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. आमेन झाल्यावर आबा म्हणाले, “आज माघारी यायचं न्हाय,” आणि त्यांनी नेहमीपेक्षा एक भाकरी जास्त खाल्ली.

“उद्या जाऊन आणू का त्येला?” याकोबनं विचारलं.

“नगं. नगं येऊ म्हणून म्या म्हणलं व्हतं. वढून आणलेला माणूस मान खाली घालून बसतो.” मग माझ्याकडं वळून म्हणाले, “कंडक्टर, तुमचा कुर्डुवाडीवाला निरोप न्हेईल का? म्हणावं, राज्य दोनदा बदललं, पर घरचा पत्ता बदलला न्हाय.”

निरोप गेला. पंधरा दिवस काहीच झालं नाही. नाताळाच्या आधीच्या आठवड्यात आमची गाडी भूमहून सुटता सुटता एक उंच माणूस धावत आला आणि मागच्या बाकावर जाऊन बसला. मी तिकीट द्यायला गेलो तर तो खिडकीतून बाहेर बघत होता. मी तिकीट दिलं आणि दोरी ओढून दोनाऐवजी चार घंटा दिल्या. शेखभाईंनी आरशातून पाहिलं आणि ओरडले, “क्या हुआ रे? आग लगी क्या?” मग त्यांना मागच्या बाकावरची आबांसारखी मान दिसली. त्यानंतर त्यांनी ती गाडी जशी पळवली, तशी मी पुन्हा कधी पाहिली नाही.

तरी पोचायला उशीर झालाच. आबा आमची वाट बघून शेवटी जेवायला बसले होते, म्हणजे प्रार्थनेला बसले होते. दार उघडं होतं. आम्ही तिघं उंबऱ्याबाहेर थांबलो. आत सगळ्यांचे डोळे मिटलेले.

“दानियल,” आबांचा आवाज आला. “मुक्काम पोष्ट कुर्डुवाडी, टेसनाबाहेरची पिठाची गिरण, तिच्या मागं पत्र्याची खोली, निळं दार...”

“पत्ता बदललाय, बाबा,” दानियल म्हणाला.

आजी ओरडून उठल्या. ताट लवंडलं, खुंटीवरची काठी छुम् छुम् वाजली. आबांनी मात्र डोळे उघडले नाहीत.

“बसा समदी!” ते म्हणाले. “आमेन व्हयाचंय आजून.” मग तसेच डोळे मिटून, “कुठला घालू?”

“हितलाच घाला.”

“दानियल,” आबा म्हणाले, “मुक्काम हितंच. दारात.” त्यांनी डोळे आणखी घट्ट मिटले. पण तुम्हाला खरं सांगतो, त्या माणसानं त्यानंतर दोन्ही बैल, गाभण शेळी, पाळकसाहेब, माझी आई, दगडी डोणी आणि शेखभाई, यांतलं काहीही गाळलं नाही. आमेन म्हणून मगच डोळे उघडले आणि पोराकडं पाहिलं.

“वाळलास,” म्हणाले. “बस. गार झालीय भाकरी.”

दानियलनं कुर्डुवाडीचं दुकान सोडलं नाही. आबांनीच सोडू दिलं नाही. “पंक्चरबी नीट काढावं लागतंय. न्हायतर टपालवाला वाटंत बसतो,” असं ते आता सगळ्यांना सांगत. तो शनिवारी यायचा, सोमवारी सकाळी आमच्या गाडीनं परत जायचा. त्यामुळं प्रार्थनेत आणखी एक कलम वाढलं. “दानियल. सोमवार ते शुक्रवार कुर्डुवाडी, शनिवार-रविवार घरी. ध्यानात ठेव, प्रभू, हेलपाटा पडंल.” भाकरी आणखी गार होऊ लागली. आता आजीही काही म्हणत नसत.

आबा गेले ते खळ्यावर ज्वारीची रास होऊन सगळी पोती घरात आल्यावर. सकाळी उन्हात बाजेवर बसले, “जरा टेकतो” म्हणाले आणि टेकले. आजींनी चहा आणून ठेवला, तो कुणी घेतला नाही. शनिवार होता. पत्त्याप्रमाणं दानियल भूमहून येणाऱ्या सकाळच्या गाडीनं नुकताच घरी पोचला होता.

आम्हाला वाटेतच कळलं. वेशीत गाडी थांबली तेव्हा दिवस मावळतीला आला होता आणि सगळं गाव लिंबाखाली बसलं होतं. पारावर चर्चा करणारेही होते. पाळकसाहेब दुपारपासून येऊन थांबले होते. आजींनी माती द्यायला थांबवून ठेवलं होतं. म्हणाल्या होत्या, “गाडी येऊ द्या. ती दोघं रोजची जेवणारी हायती.”

मुरमाड जमिनीत कबर याकोब, दानियल आणि गावातल्या पोरांनी आळीपाळीनं खोदली होती. नेताना शेखभाई माझ्या कानाशी म्हणाले, “आज पहली बार आबा सबके बराबर चले.” मूठभर माती त्यांनीही घातली. घुंगरांची काठी दानियलनं बरोबर घेतली होती. ती आत ठेवायची की नाही, कुणाला कळेना. आजी म्हणाल्या, “खुंटीलाच ऱ्हाऊ दे. ती वाजली की घरात कोण आलं ते कळतंय.”

परत आलो. घरात चूल पेटलेली नव्हती. शेजारच्या पाटलीणबाईंनी भाकऱ्या भाजून फडक्यात गुंडाळून आणल्या होत्या. ताटं मांडली. सगळे आपापल्या जागी बसले, आबांची जागा कुणी घेतली नाही. याकोबनं डोळे मिटले, “हे प्रभू, मुक्काम...” म्हणाला आणि तिथंच अडला. दानियल खाली बघत होता.

मग आजींनी पदर डोक्यावर ओढून घेतला.

“प्रभू,” त्या म्हणाल्या, “आमची समद्यांची नावं आन् पत्तं तुज्याकडं पोचल्यात. इतकी वर्सं त्येच काम झालंय ह्या घरात. ह्यांचा पत्ता तेवढा आजपासनं तुजाच. आता तुज्या पंगतीला बसतील. पर एक सांगते, परार्थना ह्यांच्याकडं देऊ नगं. तुजीबी समदी उपाशी बसतील. आमेन.”

पहिले हसले शेखभाई. मग दानियल. मग हसता हसता सगळेच रडले, आणि आम्ही जेवायला लागलो.

त्या घरात इतके दिवस जेवलो होतो, पण भाकरी हाताला गरम लागली ती त्या दिवशीच. मी ती हातात धरून बसलो, गार होईपर्यंत.